कोरी सॅक आणि सासऱ्यांची गाय

पाठीवर काय घ्यावं हा माणसाचा खासगी प्रश्न आहे, असं मी गेल्या जूनपर्यंत समजत होतो. डोक्यावर काय घालावं, तोंडात काय घालावं याबद्दल लोक बोलतात हे मला माहीत होतं. मी लग्न झालेला माणूस आहे. पण पाठ निदान आपली स्वतःची असते, ती आपल्यालाही दिसत नाही, तर तिच्याकडे दुसरं कोण कशाला बघेल, अशी माझी भाबडी समजूत होती. ती समजूत घेऊन मी एल्कच्या शिकारीसाठी एक सॅक विकत घेतली आणि त्या सॅकची चौकशी दोन सरकारी खात्यांनी केली.

खरं म्हणजे मुद्दा सॅकचा नव्हता, स्वयंपाकाचा होता. माझे सासरे हार्लन गुस्ताफसन दर ऑक्टोबरात डोंगरात तंबू ठोकतात आणि एल्क मारतात. सांबराचा हा थोरला भाऊ अंगाने घोड्याएवढा असतो, आणि आमच्या मॉन्टानात ज्याच्या फ्रीझरमध्ये त्याचं मांस नाही त्याचा हिवाळा लोकांना केविलवाणा वाटतो. लग्न झाल्यापासून मीही त्या तंबूत जातो, पण आचारी म्हणून. बाकीचे पहाटे डोंगर चढतात आणि मी बटाटे सोलतो. ते संध्याकाळी येऊन थरारक गोष्टी सांगतात, आणि मी विचारतो, "रस्सा अजून वाढू का?" यंदा मात्र माझा मेहुणा वेड गोल्फ खेळायला कायमचा अ‍ॅरिझोनाला गेला आणि वर चढणाऱ्यांत एक जागा रिकामी झाली. ती मला हवी होती. मला ती इतकी हवी होती की कचेरीत बसल्याबसल्या मी टेबलाखाली पाय हलवून चढाचा सराव करायचो.

या जागेला उमेदवार दोन. एक मी आणि दुसरा शेजारचा वर्न पिकेट, रेल्वेतून निवृत्त झालेला, ज्याला जगातल्या कुठल्याही विषयातलं अर्धं माहीत असतं आणि उरलेलं तो बोलता बोलता तयार करतो. निवड करणार सासरे. आणि सासऱ्यांची एकच अंधश्रद्धा आहे: कोऱ्या सॅकवाल्या माणसाला घेऊन डोंगर चढायचा नाही. त्यांचा म्हातारा घोडा गेल्या हिवाळ्यात गेला, तेव्हापासून डोंगरातून जे काही खाली यायचं ते माणसांच्या पाठीवरून. म्हणजे सॅकवर मांस वाहिल्याचे डाग हवेत. ज्याच्या सॅकवर डाग नाही त्याने चुलीशी बसावं.

आता गंमत बघा. डाग पडायला डोंगरात जायला हवं आणि डोंगरात जायला डाग हवा. आमच्या विमा कंपनीच्या जाहिरातीत नवशिक्यांच्या जागेसाठी 'अनुभव आवश्यक' असं छापतात, तेव्हा मी मोठ्याने हसायचो. आता हसत नाही.

पण आधी सॅक तर हवी. मी हे फक्त मार्लाला, म्हणजे बायकोला, सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्न कुंपणावर कोपरं टेकून उभा.

"सॅक घेतोयस म्हणे?"

"विचार आहे."

"विचार करू नकोस लेका, तो तुझा प्रांत नाही. अ‍ॅल्युमिनियमची चौकट घे. उघडी, बाहेरून. दुसरं काही घेशील तर डोंगरात माझं नाव काढून रडशील."

असं म्हणून तो गॅरेजात गेला आणि स्वतःची सॅक घेऊन आला. ती मुळात कुठल्या रंगाची होती ते सांगणं अशक्य होतं. वर्नने मला एकेक डाग बोट ठेवून दाखवला. "हा वुल्फ गल्चच्या घळीतला. हा त्याच्या पुढच्या वर्षीचा, शिंगाला सहा फाटे असलेल्या नराचा. हा कॉफीचा आहे, पण त्या दिवशीही मी डोंगरातच होतो." मी त्या सॅककडे ज्या नजरेने बघत होतो, ती नजर मार्लाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिली आणि नंतर म्हणाली की लग्नात तू माझ्याकडे असं बघितलं नव्हतंस.

कचेरीतला ड्वेन दुसऱ्या पंथाचा. त्याच्या मते वजन हाच शत्रू. तो डोंगरात जाताना दात घासायच्या ब्रशची दांडी कापून टाकतो आणि सॉक्सवरची लेबलं उसवतो. हे सगळं तो मला दोन्ही हातांत एकेक डोनट धरून सांगत होता. मार्लाचं मत रंगाबद्दल होतं.

"तपकिरी घेऊ नकोस. मागून एखाद्याला एल्क वाटशील."

"मार्ला, एल्क सातशे पौंडांचा असतो."

"म्हणून तर म्हणतेय."

शेवटी शनिवारी मोठ्या दुकानात गेलो. तिथे एका उत्साही मुलीने मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, मान खाली घालायला लावली आणि टेपने मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत माप घेतलं. मग तिने पुन्हा घेतलं. मग तिने सहकाऱ्याला बोलावलं आणि त्यानेही घेतलं.

"सर, तुमची पाठ आखूड आहे," ती म्हणाली. तिचा आवाज चांगला खणखणीत होता. बंदुकांच्या विभागातले लोकसुद्धा वळून बघू लागले.

"म्हणजे पाय लांब असतील," मी आशेने म्हणालो.

तिने माझ्या पायांकडे प्रामाणिकपणे पाहिलं. "नाही सर," ती म्हणाली.

पुरुषांची एकही चौकट मला बसेना. कमरेचा पट्टा मांड्यांवर यायचा आणि मी दुकानभर बदकासारखा फिरायचो. शेवटी जी बसली ती बायकांच्या मापाची होती. सुदैवाने ती हिरवट करड्या रंगातही मिळत होती, कारण समोर लावलेली जांभळी होती. सॅक मात्र उत्तम. तिची थैली चौकटीपासून सुटी होऊन पुढे सरकते, मधल्या फटीत एल्कची अख्खी मांडी ठेवायची आणि पट्ट्यांनी आवळायची. पट्टे इतके होते की पहिल्या संध्याकाळी मी तिच्यात शिरलो तो बाहेर पडेना. मार्ला बराच वेळ माझ्याभोवती फिरून बकलं शोधत होती, मग तिने शांतपणे विचारलं, "कात्री आणू का?" त्या सॅकच्या किमतीत कात्रीचा विचारही पाप होता. मी तसाच बसून जेवलो.

मग सराव सुरू केला. आमच्याकडे पाणी मऊ करायच्या यंत्रात घालायचं मीठ जाडजूड पिशव्यांतून मिळतं. आधी एक पिशवी पाठीवर, मग दोन, असं करत मी रोज कचेरीनंतर चर्चच्या टेकडीपर्यंत जाऊ लागलो. टिंबर फोर्क हे फारशा घडामोडी नसलेलं गाव असल्यामुळे माझ्या जाण्यायेण्यावर लोक घड्याळं लावू लागले. पाद्रीसाहेबांनी मला थांबवून काळजीने विचारलं, "लायल, मार्लाने घराबाहेर काढलं का रे?" पण मी नेटाने चालत राहिलो. पोट थोडं आत गेलं, पिंढऱ्या घट्ट झाल्या, आणि मला आरशासमोर आखूड पाठसुद्धा रुबाबदार वाटू लागली.

ऑगस्टमध्ये एका रविवारी सासरे जेवायला आले. ते गायीगुरं पाळणारे, बोलायला फार कंजूष. वादळाने छप्पर उडालं तर ते "वारा आहे" म्हणतात. जाताना ते गॅरेजात गेले, खिळ्यावरची माझी सॅक खाली काढली, उलटीसुलटी केली, तिच्यावरून अंगठा फिरवला.

"कोरी आहे," ते म्हणाले आणि ट्रकमध्ये बसून निघून गेले.

इथे माझ्या धंद्याबद्दल सांगणं भाग आहे. मी विमा कंपनीत गारपिटीचे दावे तपासतो. आमच्याकडे वर्षातून एकदा गारा पडतात आणि वर्षभर लोक त्यांनी गाडीवर पडलेले पोचे घेऊन येतात. त्यातले निम्मे हातोडीचे असतात. मी लांबूनच ओळखतो. गारा कधी रांगेत पडत नाहीत आणि दरवाजाच्या आतल्या बाजूला तर मुळीच पडत नाहीत, हे मी मोठमोठ्या शेतकऱ्यांना तोंडावर सुनावलेलं आहे. पलीकडच्या तालुक्यातसुद्धा मला मान आहे. तर असा मी त्या रविवारी गॅरेजात उभा राहून विचार करू लागलो की पोचे जर पाडता येतात, तर डाग का पाडता येऊ नयेत.

सासरे दर पानगळीत आम्हाला अर्धी गाय कापून देतात. तिच्याबरोबर लिव्हरही येतं, आणि आमच्या घरात ते कोणी खात नाही, त्यामुळे फ्रीझरच्या तळाशी नुसतं पडून असतं. मार्ला तिच्या बहिणीकडे गेली होती. मी ते बाहेर काढलं, वितळवलं आणि कामाला लागलो. हातोडीवाल्यांच्या चुका मला पाठ असल्यामुळे मी रांग टाळली. जिथे मांडी टेकेल तिथे गडद, खाली ओघळ, पट्ट्यांवर नुसते बोटांचे ठसे. मग मार्लाचा केस वाळवायचा पंखा लावून सगळं सुकवलं, थोडी माती चोळली आणि लांब उभा राहून पाहिलं. खोटं सांगत नाही, माझ्याकडे दावा म्हणून आलं असतं तर मीसुद्धा मंजूर केलं असतं.

मार्ला परत आली आणि तिने फ्रीझर उघडला.

"लिव्हर कुठे गेलं?"

"खाल्लं मी."

"तू?" ती म्हणाली. फ्रीझरचं दार उघडं ठेवून ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि आतली गार हवा आम्हा दोघांच्या मधून वाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी सॅक पाठीला लावून निघालो तर कोपऱ्यावर एक कुत्रा मागे लागला. पोस्टापाशी तीन झाले. चर्चच्या टेकडीपर्यंत पोहोचायच्या आधी टिंबर फोर्कमधली सगळी कुत्री माझ्या मागून शिस्तीत चालत होती आणि लोक ओट्यांवर येऊन बघत होते. एवढी वरात घेऊन गावातून फिरणं बरं दिसेना, म्हणून त्यांना हुसकावून मी गाडीने डोंगराच्या पायवाटेला गेलो. तिथे कोणी नव्हतं. फक्त खाली एक सरकारी ट्रक उभा होता, आणि त्याला टेकून शिकारीचे कायदे सांभाळणाऱ्या खात्याची वॉर्डन रोवेना ड्युप्री सफरचंद खात होती.

बाई तरुण, चेहरा हसरा. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या पाठीकडे पाहिलं आणि सफरचंद खाली ठेवलं.

"काय म्हणता मिस्टर ऑस्टबी? हंगाम सुरू व्हायला अजून वेळ आहे ना?"

"हो हो. नुसता चालतोय."

"पाठीवर रक्त दिसतंय."

आता इथे खरं सांगितलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण खरं म्हणजे काय? तर सासऱ्यांवर छाप पाडायला मी गायीचं लिव्हर चोळलं. हे वाक्य पुरुषाच्या तोंडून बाहेर पडायला फार अरुंद वाट असते. शिवाय रोवेनाची आई आणि माझी सासू एकाच चर्चमध्ये गोधड्या शिवतात. उद्या दुपारपर्यंत सासऱ्यांच्या कानावर गेलंच असतं, आणि मग वरची जागा वर्नची.

"नाक फुटलं होतं," मी म्हणालो.

"कुणाचं?"

"माझंच."

"पाठीवर?"

तिने आत काय आहे ते विचारलं. मी म्हणालो, मीठ. तिचा चेहरा एकदम गंभीर झाला, कारण डोंगरात मीठ टाकून एल्कना बोलावणं हा आमच्याकडे गुन्हा आहे आणि ते मला त्या क्षणी आठवलं. पलीकडच्या कुरणात कोणीतरी चोरून मोठा नर मारला होता, त्याचा ती तपास करत होती. इकडे मी बिगरहंगामात रक्ताने माखलेली सॅक आणि दोन पिशव्या मीठ घेऊन नुसता चालत होतो. तिने सॅक जप्त केली, चिठ्ठी दिली आणि तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवली. मीठ परत दिलं. ते मी हातांत धरून गाडीपर्यंत नेलं.

प्रयोगशाळेला घाई कशाची ती नव्हती. सप्टेंबर गेला. मी झोपेत नाकाला हात लावून दचकून उठायचो. मग एक दिवस कचेरीत फोन आला.

"मिस्टर ऑस्टबी, अहवाल आलाय," रोवेना म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता आणि तो रागाने नव्हता हे मला कळत होतं. "एल्कचं रक्त नाही, ते एक बरं झालं. पण तुमचं नाक गायीचं आहे."

मी म्हणालो, ठीक आहे, मग सॅक द्या परत. तर नाही. गाय म्हटल्यावर प्रकरण तिच्या हातात राहिलं नव्हतं. आमच्याकडे माणूस हरवला तर लोक जेवण झाल्यावर शोधायला निघतात, पण वासरू हरवलं तर ताटावरून उठतात. सॅक गेली गुरांच्या डागण्या तपासणाऱ्या निरीक्षकाकडे. हे मिस्टर टिबेट्स, मिशा मोठ्या आणि कामात चोख. मी त्यांच्यासमोर बसलो आणि दार लावून घ्यायला सांगितलं. मग नाइलाजाने सगळं खरं सांगितलं. लिव्हर, पंखा, माती, सगळं. त्यांच्या मिशीचा एक केससुद्धा हलला नाही.

"असं बघा," ते म्हणाले, "गायीच्या कातडीवर डागणी असते, ती बघून मालक ठरतो. रक्तावर डागणी नसते. तेव्हा गाय कुणाची हे ठरेपर्यंत माल सोडता येत नाही."

"अहो, गाय माझ्या सासऱ्यांची! त्यांनीच दिलेली!"

"मग सोपं आहे. त्यांना येऊन तसं सांगू द्या."

मी उठलो. म्हणालो, सॅक तुम्हीच ठेवा, मला नको. मानाने, ताठ मानेने बाहेर पडलो. आखूड पाठसुद्धा जितकी ताठ होऊ शकते तितकी मी केली होती. पण मिस्टर टिबेट्स कामात चोख होते हे मी मघाशी सांगितलंच. मी घरी पोहोचायच्या आत त्यांनी सासऱ्यांना फोन केला होता.

त्या रविवारी जेवणाला मी खाली बघूनच बसलो होतो. मार्लाला एव्हाना सगळं कळलं होतं. ती दर थोड्या वेळाने काहीतरी आणायला स्वयंपाकघरात जायची, आणि तिथून उशीत तोंड खुपसल्यासारखे आवाज यायचे. सासऱ्यांनी बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

"चांगली गाय होती ती," ते म्हणाले.

मी मान हलवली. मग त्यांनी तोंड पुसलं. "यंदा वर वर्न येतोय. तू कॉफी जरा जास्त घे. गेल्या वर्षी पुरली नाही."

मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. रागावले असते, हसले असते, तर मी काही बोललो असतो. पण कॉफीला काय उत्तर देणार? मी म्हणालो, "घेतो."

गुरं बाजारात पाठवायचे दिवस आल्यामुळे मिस्टर टिबेट्स गावोगाव फिरत होते आणि माझी सॅक त्यांच्या कपाटात कुलुपात पडली होती. तंबूत निघायच्या दिवशी माझ्यापुढे नवाच प्रश्न. ट्रक थांबतात तिथून तंबूपर्यंत चांगला चढ आहे. कांदे, पीठ, बीन्सचे डबे, कढई, हे न्यायचं कशात? गॅरेज उपसलं तेव्हा माळ्यावर एक चौकट सापडली. आमची इंग्रिड लहान असताना तिला पाठीवर बसवून फिरवायचो ती. निळं कापड, पाय बाहेर काढायला दोन भोकं, वर उन्हाची छत्री आणि छत्रीवर पिवळं बदक. इंग्रिड आता कॉलेजात आहे. मार्ला म्हणाली, "घेऊन जा. कांदे रडणार नाहीत."

तंबूत पोहोचलो तर वर्न आधीच हजर. माझ्या पाठीवर बदकाखाली बसलेली पिठाची पिशवी बघून तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. सासरे बघून न बघितल्यासारखं करून चुलीची नळी बसवत राहिले. पहिल्या दिवशी ते दोघे वर गेले आणि रिकाम्या हाताने आले. मी रस्सा केला. वर्नने रश्शात मीठ कमी आहे असं सांगितलं, आणि ते बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कांदे चिरत होतो, तेवढ्यात वॉकी-टॉकीतून वर्नचा आवाज आला. एरवी तो आवाज पायऱ्या चढल्यासारखा चढता असतो. तो पार उतरला होता.

"लायल. ऐकतोयस का? तुझ्याकडे पाठीला लावायला काय आहे?"

"का?"

"विचारू नकोस. जे असेल ते घेऊन ये. खिंडीच्या पलीकडे."

मी कढई खाली उतरवली, ते निळं प्रकरण पाठीला लावलं आणि निघालो. वर पोहोचलो तेव्हा बर्फात एक मोठा नर एल्क चार भागांत कापून पांढऱ्या कापडी पिशव्यांत बांधून तयार होता. सासऱ्यांनी मारलेला. सासरे स्वतः ओंडक्यावर बसले होते आणि त्यांचा गुडघा पावासारखा फुगला होता. वर्न बाजूला उभा. त्याच्या पायाशी त्याची ती प्रसिद्ध सॅक पडली होती, आणि अ‍ॅल्युमिनियमची चौकट सांध्यात मोडून तिचे दोन तुकडे झाले होते. वुल्फ गल्चचा डाग एका तुकड्यावर होता आणि कॉफीचा दुसऱ्यावर.

"जुनी होती," वर्न म्हणाला.

सासऱ्यांनी काठीने खाली दाखवलं. बर्फात अस्वलाची ताजी पावलं होती, माझ्या कढईएवढी. म्हणजे मांस रात्रभर इथे राहिलं की सकाळी ते अस्वलाचं, आणि सासऱ्यांचा हिवाळा रिकामा. मग सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. छत्रीकडे पाहिलं. बदकाकडे पाहिलं. वर्नला स्वतःच्या दुःखातही राहवलं नाही.

"आणि बाळ कुठाय?"

"ते तुम्हीच कापून ठेवलंय," मी म्हणालो. "उचला इकडे."

मागची मांडी बसवायला आम्हाला घाम फुटला. ती खुर्चीत मावली, पण वर चांगली हातभर राहिली. इंग्रिडच्या छातीवरून जायचा तो पट्टा मांडीवरून आवळला. मी उठून उभा राहिलो, आणि सांगायला आनंद वाटतो की उन्हाळाभर वाहिलेलं मीठ त्या क्षणी कामी आलं. चौकट मुळात मार्लाच्या मापाची. माझ्या आखूड पाठीला ती अशी बसली की जणू तिथेच जन्मली. सासरे लंगडत माझ्या मागे आले, एक पट्टा घट्ट केला आणि छत्री मांसावर ओढून घेतली.

"ऊन आहे," ते म्हणाले. "झाकून ने."

वाटेत मला मिनेसोटाकडचे दोन शिकारी भेटले. ते अदबीने बाजूला झाले आणि त्यातल्या एकाने हळू आवाजात, बाळ जागं होऊ नये अशा बेताने विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"मुलगा," मी म्हणालो. "पुरावाही सोबत आहे." आणि तो होता, कारण नर मारल्याची खूण मांसाला चिकटलेली ठेवायची असा आमच्याकडे कायदा आहे. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा चालता आलं नसतं.

तंबूजवळ मांडी झाडाला टांगली आणि परत वर गेलो. मग पुन्हा खाली, पुन्हा वर. वर्नने पुढचा एक पाय खांद्यावर टाकून आणला, अर्ध्या वाटेवर देवाचं नाव घेत आणि उरलेल्या वाटेवर माझं. मधे एकदा सासरे म्हणाले, बस आता, राहू दे. मी ऐकलं नाही. सासऱ्यांचं न ऐकण्याची ती माझी पहिलीच वेळ. शेवटच्या खेपेला सासरे काठी टेकत माझ्यासोबत उतरले. माझ्या मानेवरून, पट्ट्यांवरून, त्या निळ्या कापडावरून सगळीकडे रक्त ओघळत होतं आणि मला त्याकडे बघायलाही फुरसत नव्हती.

सूर्य कलला तेव्हा चारही भाग झाडाला टांगलेले होते. मी तंबूतल्या खुर्चीत पडलो आणि डोळे मिटले. भांड्यांचा आवाज झाला म्हणून उघडले. सासरे एक पाय लांब करून चुलीशी उभे होते. कमरेला माझा एप्रन. वर्न खोक्यावर बसून मुकाट्याने बटाटे सोलत होता.

"राहू द्या हार्लन, मी करतो," मी म्हणालो आणि उठायला लागलो.

"बस," ते म्हणाले. "लवकर जेव आणि झोप. माझा गुडघा काही उद्या चढायचा नाही. पहाटे तू जायचंस वर, वर्नला घेऊन. तू पुढे चाल, तो मागून येईल."

वर्नच्या हातातली सुरी थांबली, मग पुन्हा चालू झाली.

मला रडू यायला लागलं. चुलीत लाकडं ओली होती, तिचा धूर होताच, त्यामुळे चाललं. सासरे इकडची खोकी उघडत होते, तिकडची उघडत होते, कढई तापून धुरावली होती. इतकी वर्षं त्या तंबूत येऊन त्यांना कुठली वस्तू कुठे असते ते माहीत नव्हतं.

"लायल," ते शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "तेल कुठे ठेवतोस रे?"

मी उठलो नाही. खुर्चीतच पाय आणखी लांब केले आणि बसल्या जागेवरून सांगितलं, "डावीकडच्या खोक्यात, कॉफीच्या मागे."